झडती

टिचक्या सात माराव्या लागतात, हे गुणवंतरावांना आता झोपेतही सांगता आलं असतं. फोनच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी ‘बिल्ड नंबर’ अशी एक ओळ असते. तिच्यावर बोटाने सात वेळा टिचकी मारायची, की फोन आपलं आतलं दार उघडतो आणि म्हणतो, आता तुम्ही डेव्हलपर आहात. मग घरी तयार केलेलं अॅप वायर लावून त्यात उतरवता येतं. स्वतःच्या फोनवर त्यांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ते जरा ओशाळलेच होते. छत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात परीक्षकाची नोकरी केली तेव्हा कुठे निवृत्तीच्या दिवशी एक शाल मिळाली, आणि इथे सात टिचक्यांत पदवी. आज मात्र फोन त्यांचा नव्हता, बायकोचा होता. भानुमती शेजारच्या रश्मीच्या गच्चीवर कुरडया घालायला गेली होती, फोन चार्जिंगला लावून. त्यांनी पहिली टिचकी मारली. पहिल्याच टिचकीला खाली एक करडी पट्टी उमटली, ‘गरज नाही, तुम्ही आधीच डेव्हलपर आहात,’ आणि विरून गेली. बोट त्यांनी तसंच अधांतरी धरलं. म्हणजे आपल्या आधी कोणीतरी इथे येऊन गेलं होतं.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. गढा वस्तीतल्या त्या गल्लीत या वेळेला भाजीवाल्याची शेवटची हाक होऊन गेलेली असते आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू झालेल्या असतात. गुणवंतरावांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मनात शंकेची पाल चुकचुकली की त्यांचे कान बंद होत, हे त्यांच्या आईलाही ठाऊक होतं. कोण आलं असेल? मुलगा अतुल नागपूरला. दिवाळीत चार दिवस आला होता आणि आईचा फोन घेऊन काहीतरी करत बसला होता. पण अतुलला स्वतःच्या फोनमधलं धड काही कळत नाही, तो आईच्या फोनची आतली दारं काय उघडणार. मग कुंडम. त्यांचं मन कुठूनही निघालं तरी पाचव्या-सहाव्या पावलाला कुंडमलाच जाऊन पोचायचं. तिथे भानुमतीची धाकटी बहीण इंदू राहत होती. नवरा जंगलखात्यात होता, तो गेल्यावर एकटीच राहिली होती, आणि भानुमती दर गुरुवारी सकाळच्या बसने तिच्याकडे जात होती, शुक्रवारी परत येत होती. पूर्वी महिन्यातून एकदा जायची. दर गुरुवारी कधीपासून झालं? त्यांनी कॅलेंडरवर मागे जाऊन पाहिलं होतं, पेन्सिलीने बारीक ठिपके दिले होते. दिवाळीपासून.

खरं सांगायचं तर अॅप शिकण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते त्या ठिपक्यांमुळेच. जगाला त्यांनी सांगितलं, रिकामं बसून मेंदू गंजतो. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी वैभवी घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची. चौतिशीची, नवरा रेल्वेत. तिला त्यांनी विचारलं आणि ती हसून म्हणाली, “काका, चलो, शिकून घ्या. पण रोज बसावं लागेल हं.” संध्याकाळी चार ते पाच. अतुलचा जुना लॅपटॉप उघडायलाच अकरा मिनिटं घ्यायचा, आणि त्याचा पंखा असा घरघरायचा की भानुमती स्वयंपाकघरातून विचारायची, “गिरणी चालू केली काय?” पहिल्या दिवशी पडद्यावर नुसतं ‘नमस्कार’ आणायचं होतं. त्याला तीन दिवस लागले. एका ओळीच्या शेवटी एक अर्धविराम राहिला की खाली लाल अक्षरांची रांग लागायची. याचा राग यायच्या ऐवजी गुणवंतरावांना भारी समाधान वाटलं. मशीन कोणावर विश्वास ठेवत नव्हतं. त्यांना हेच कारखान्यात आवडायचं. परीक्षकाच्या हातात एक दोन टोकांचं माप असतं; एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं तर माल नापास, करणारा कोणी का असेना. बंडू वानखेडे, त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्याच डब्यातली चटणी खाणारा. त्याचा दोन हजार नगांचा माल त्यांनी एका दुपारी नापास केला होता. बंडूची बढती गेली. चार वर्षं तो बोलला नाही. गुणवंतरावांना वाईट वाटलं, पण आपण चुकलो असं एकदाही वाटलं नाही.

अॅपमध्ये एक कागद आधी भरून द्यावा लागतो, मला काय काय लागणार आहे याचा. कॅमेरा लागणार, ठिकाण लागणार, लोकांचे नंबर लागणार. तो कागद पाहून तर त्यांना वैभवीला शाबासकी द्यावीशी वाटली, जणू पद्धत तिनेच काढली होती. कारखान्याच्या गेटवर हेच होतं. आत जाताना फोन जमा, किल्ल्या जमा. बाहेर येताना हात वर करून उभं राहायचं आणि शिपाई काखेपासून पोटरीपर्यंत चाचपून बघायचा. छत्तीस वर्षं, सुट्ट्या सोडून रोज. त्याला झडती म्हणत. नवीन पोरं लाजायची, चिडायची. गुणवंतराव हात वर करून शिपायाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. झडतीत अपमान कसला? ज्याच्या खिशात काही नाही त्याने कशाला लाजावं, असं ते त्या पोरांना समजावायचे, आणि हे त्यांना इतकं पटलेलं होतं की दुसऱ्या कोणाला ते पटणार नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांचं सगळं नुकसान त्या एका समजुतीने केलं.

तेरा वर्षांपूर्वी भानुमतीच्या पर्समध्ये त्यांना एक किल्ली सापडली होती. सापडली म्हणजे, ते आठवड्यातून एकदा पर्स बघायचे तशी बघताना दिसली. घरातल्या कुठल्याच कुलपाची नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने बायकोला विचारलं असतं. गुणवंतरावांनी व्हर्नियर लावून ती मोजली, तिचे दात कागदावर उतरवले, आणि ही लोखंडी कपाटाची किल्ली आहे असा निष्कर्ष काढला. मग आठ दिवस ते कपाट शोधत फिरले. शेवटी महिला मंडळाच्या खोलीत, दहा-बारा बायका हळदीकुंकवाला जमलेल्या असताना, ते आत गेले आणि कोपऱ्यातल्या कपाटाला त्यांनी ती किल्ली लावून बघितली. कपाट उघडलं. आत अत्तरदाणी होती, गुलाबदाणी होती, स्टीलच्या वाट्यांची चळत होती. मंडळाने त्या वर्षी सामान भानुमतीच्या ताब्यात दिलं होतं. कोणीतरी हसलं. कारखान्यात मित्र तिच्या नावावरून नेहमीच चिडवायचे, भानुमती का पिटारा, म्हणजे आतून काय निघेल याचा नेम नाही अशी पेटी. त्या दिवशी पिटारा सगळ्यांसमोर उघडला आणि त्यात वाट्या निघाल्या. गुणवंतराव मनापासून म्हणाले, “चला, शंका फिटली.” त्यांना वाटलं होतं ती पण म्हणेल, चला, बरं झालं. ती दुसऱ्या दिवशी कुंडमला गेली आणि अकरा महिने आली नाही. आली ती एका अटीवर. दारातच, चपला न काढता, ती म्हणाली होती, “माझ्या वस्तूले पुन्हा हात लावला तर मी जाईन, आणि मंग आणाले येऊ नका.” त्यांनी कानाला खडा लावला. बारा वर्षं तो खडा त्यांनी खरोखर सांभाळला होता, आणि त्याचं त्यांना कौतुकही वाटत होतं.

आज त्यांनी स्वतःला असं समजावलं होतं की हा हात लावणं नव्हेच, ही भेट आहे. त्यांच्या अॅपचं नाव होतं ‘पोचले’. पडद्यावर एकच मोठं हिरवं बटण. इंदूच्या घरी गेली की तिने ते दाबायचं, की त्यांच्या फोनवर निरोप येणार. काळजीपोटी केलेली गोष्ट; वैभवीलाही ती फार आवडली होती. फक्त एक ओळ त्यांनी वैभवीला न दाखवता एका व्हिडिओतून उतरवून घेतली होती. त्या ओळीमुळे बटण दाबो न दाबो, फोन कुठे आहे ते दर अर्ध्या तासाला त्यांना कळणार होतं. परवा गुरुवार होता.

आणि इथे आधीच कोणीतरी. वायर तशीच लोंबत ठेवून ते फोनमधल्या अॅपच्या रांगा बघू लागले. भजनं, पंचांग, बँक, भाज्यांच्या पाककृती. शेवटच्या पानावर, एकटं, हिरव्या यंत्रमानवाचं चित्र. ते चित्र त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या अॅपलाही तेच होतं. नवशिक्याने चित्र बदललं नाही की यंत्र आपणहून हेच लावतं. म्हणजे हे दुकानातलं नव्हतं, घरी केलेलं होतं, आणि करणारा त्यांच्याच इयत्तेतला होता. त्यांनी आधी त्याच्या परवानग्या पाहिल्या. कॅमेरा नाही, ठिकाण नाही, काहीच मागितलेलं नाही. हे तर फारच झालं. जो काहीच मागत नाही त्याच्याकडे दोनदा बघावं, हे ते गेटवरच्या हवालदाराकडून शिकले होते. त्यांनी ते उघडलं.

पांढरा पडदा आणि मधोमध आकडा. १४३. बाकी काही नाही, बटण नाही, अक्षर नाही. त्यांनी बोट लावून पाहिलं, आकडा हलला नाही. एकशे त्रेचाळीस काय? दिवस? किलोमीटर? कुंडम पन्नाससुद्धा नाही. कोणाचा घर नंबर? बंद करून त्यांनी पुन्हा उघडलं, नीट पाहावं म्हणून. १४४. आपण चुकीचं वाचलं असेल. बंद करून, दहापर्यंत मोजून, चष्मा पुसून त्यांनी तिसऱ्यांदा उघडलं. १४५. तेव्हा त्यांना समजलं, आणि समजल्याबरोबर त्यांनी फोन पलंगावर असा टाकला की जणू तो तापला होता. ते उघडण्याचा हिशेब ठेवत होतं. जो उघडेल तो त्यात नोंदला जात होता, आणि ते स्वतः तीनदा नोंदले गेले होते, तिसऱ्यांदा तर चष्मा पुसून.

फोन बनियनखाली लपवून ते जिना चढले. आपल्याच घराच्या जिन्यावर त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. वैभवी कानाला यंत्र लावून कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. तिने हाताने बसा म्हटलं, आणि बोलणं संपवून पडद्याकडे एक नजर टाकली.

“अरे, ये तो काकूंचं आहे,” ती म्हणाली. “पहिलं अॅप आहे त्यांचं.”

“भानूनं केलं?”

“हो ना. आपसे पहले शिकल्या त्या. दिवाळीपासून येऊन राहिल्या, तुम्ही सकाळी फिरायला जाता ना, तेव्हा. मला म्हणाल्या, काकांना सांगू नको, सरप्राइज आहे.” ती हसली. “मैंने पूछा, काकू, हे कशाच्या कामाचं? त्या म्हणाल्या, घरात उंदीर येतो की नाही ते पाहायचंय. रोज सकाळी एकदाच उघडतात म्हणे. आकडा एकानेच वाढला तर उंदीर नाही.”

गुणवंतरावही हसले. हसताना त्यांना आपले दात जाणवले.

“हा आकडा कमी करता येतो का?” त्यांनी विचारलं, शिकाऊ माणूस विचारतो तसं.

“येतो की. दो मिनट. द्या फोन.”

तिने हात पुढे केला. किती सोपं होतं. १४२ लिहायचं, म्हणजे भानुमतीने आज सकाळी पाहिला असेल तो आकडा, आणि बारा वर्षांचा खडा जागच्या जागी राहिला असता. गुणवंतराव तिच्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यात त्यांनी मापाचा आकडा बदलला नव्हता. बंडूसाठी बदलला नव्हता, साहेबांचा फोन आला तेव्हाही बदलला नव्हता. हे तत्त्व आता आठवलं हे खरं, पण तत्त्वापेक्षा दुसरीच भीती मोठी होती. वैभवीने बदलला तर वैभवीला कळणार. आज नाही कळलं तर उद्या, भाजी निवडताना भानुमती उंदराचं बोलेल आणि हिला एकदम उलगडेल. कदाचित हिला आधीच ठाऊक असेल. कदाचित दोघी मिळून वाट बघत असतील, उंदीर आकडा पुसायला येतो का म्हणून. ती इतकी निर्मळ हसत होती की त्यांना तिचा संशय आला. “राहू दे,” ते म्हणाले, “सहज विचारलं.”

खाली येऊन त्यांनी फोन पुन्हा चार्जिंगला लावला, पहिल्यासारखा, पडदा खाली करून. मग वायरीचा वेढा आधी डावीकडे होता की उजवीकडे, ते त्यांना आठवेना. ते खुर्चीत बसून राहिले. एकशे बेचाळीस सकाळी तिने ते उघडून पाहिलं होतं. ते नर्मदेच्या बाजूला फिरायला जात, चप्पल झाडून परत येत, ती चहा देत होती, आणि त्या चहाच्या आधी रोज त्यांची तपासणी होऊन गेलेली असे. एकशे बेचाळीस वेळा ते पास झाले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना राग आला, कोणाचा ते कळेना. ती बारा वर्षं इथे राहिली ती विश्वासाने राहिली असं ते धरून चालले होते. ती नुसती रोजच्या रोज मुक्काम वाढवत होती.

एकच्या सुमाराला भानुमती आली. हाताला कोपरापर्यंत गव्हाचा चीक वाळला होता, कपाळावरही एक पांढरा ठिपका. “रश्मीच्या सासूबाईंनं मीठच जास्त टाकलं,” म्हणत ती मोरीकडे गेली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. तो थांबेना. बोटांच्या मधला चीक लवकर निघत नाही. गुणवंतरावांना वाटलं, आत्ता बोललो नाही तर उद्या सकाळी ती स्वतः बघेल, आणि मग काही बोलायला जागा राहणार नाही. परवाच्या बसने ती जाईल, आणि शुक्रवारी ते दाराकडे बघत बसतील. हे घर तिच्याशिवाय त्यांनी अकरा महिने पाहिलं होतं. तेव्हा कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा ते त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, आणि वरणाला चव आली नव्हती.

“भानू,” ते मोरीच्या दाराशी जाऊन म्हणाले, “मी तुझा फोन उघडला.”

पाणी थांबलं.

“त्याच्यात ते तुझं अॅप पण उघडलं. तीनदा. मी पण एक अॅप टाकणार होतो तुझ्या फोनमध्ये. तू कुठे आहेस ते मला कळावं म्हणून. टाकलं नाही.” ते दाराबाहेरच उभे होते. “मी शब्द मोडला. तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण जाऊ नको.”

भानुमतीने पदराला हात पुसले, एकेक बोट. त्यांच्याकडे बघितलं नाही. ती आतल्या खोलीत गेली, वायर काढली, पडदा वर केला आणि ते अॅप उघडलं. गुणवंतराव दारातून बघत होते. तिचे ओठ हलत होते, लहान मुलं बेरीज करताना हलतात तसे.

“सकाळी एकशे बेचाळीस होते,” ती म्हणाली. “तुमचे तीन. आत्ताचा माझा एक. एकशे शेहेचाळीस.” तिने पुन्हा एकदा आकड्याकडे पाहिलं. “बरोबर आहे.”

तेवढंच. गुणवंतरावांच्या तळव्यापासून काहीतरी गरम वर चढत कानापर्यंत आलं. त्यांनी खरं सांगितलं होतं. एक शब्द लपवला नव्हता, हात वर करून तिच्यापुढे उभे राहिले होते. आणि तिने त्यांच्या तोंडाकडेही न बघता आकडा ताडून पाहिला होता. खरं बोलल्यावर कोणी ते तपासून घेतलं की असं होतं? आपण कपडे घातले आहेत की नाही असं त्यांना क्षणभर वाटलं. छत्तीस वर्षांत एकदाही असं वाटलं नव्हतं. कपाटात वाट्या निघाल्या तेव्हा हिला असंच झालं असेल, आणि त्यावर आपण म्हणालो, चला, शंका फिटली.

“मी कुठी जाऊन नाही राहिली,” भानुमती म्हणाली. त्यांना हायसं वाटायच्या आत ती पुढे म्हणाली, “आता तुमचा फोन द्या.”

“माझा?”

“हो. तुमचा.”

“काहून?”

“पाहायचा आहे.”

तो त्यांच्या लेंग्याच्या खिशात होता. त्यात काही नव्हतं. सकाळी फिरणाऱ्या मंडळींचे सुप्रभात, अतुलचे फोटो, लाल ओळींचे स्क्रीनशॉट, ‘पोचले’चं हिरवं बटण, जे त्यांनी आत्ताच तिला सांगितलं होतं. लाजावं असं एकही अक्षर नव्हतं, हे ते शपथेवर सांगू शकले असते. त्यांनी खिशात हात घातला, फोन मुठीत धरला, आणि हात बाहेर येईना.

भानुमती ओला हात पुढे करून उभी होती. तिला घाई नव्हती.